मदत हवी आहे: मामेबहिणीचा ऑनलाइन मित्र भेटायला बोलावतोय

मामेबहीण १६ वर्षांची, आम्ही नागपुरात. गेमवर ओळख झालेला मुलगा तीन महिन्यांपासून तिच्याशी इन्स्टाग्रामवर बोलतो. वय १७ सांगतो, पण व्हिडिओ कॉल म्हटलं की दरवेळी 'कॅमेरा बिघडलाय'. आता म्हणतो, फुटाळा तलावावर एकटीच ये, घरी सांगू नको. इथेच खटकलं.

त्याचा फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहिला, काही सापडलं नाही. तिने फोटो किंवा पैसे पाठवलेले नाहीत (तीनदा विचारलं, चिडली). स्क्रीनशॉट ठेवलेत. मामांना सांगितलं तर फोनच जाईल, मग ती मलाही काही सांगणार नाही. १९३० ही सायबर हेल्पलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी, हे माहीत आहे. धमकी नसताना, नुसत्या संशयावर १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन केला तर ते थेट घरी कळवतात का?