काळा दात म्हणजे जुना दात नव्हे

शार्क माशांच्या जीवाश्म दातांबद्दल 'दात जितका काळा तितका जुना' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. रंग वयामुळे नाही, तर दात ज्या गाळात पुरला गेला त्यातल्या खनिजांमुळे येतो. फॉस्फेट असेल तर काळा, लोह असेल तर तांबूस. म्हणून एकाच काळातले दात एका ठिकाणी काळेभोर, तर दुसरीकडे राखाडी मिळतात.

आम्ही असे दात शोधायला अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सला, म्हणजे किनाऱ्यावरच्या उंच कड्यांपाशी, दर हिवाळ्यात जातो. वाहनतळापासून किनारा जवळजवळ तीन किलोमीटर चालत. तिथले थर मायोसीन काळातले, म्हणजे साधारण १ ते २ कोटी वर्षांपूर्वीचे. वादळानंतरच्या ओहोटीला, पाण्याच्या कडेला खडे साचतात ना, तिथे चाळणी घेऊन बसावं. मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा अख्खा दात मला अजून मिळालेला नाही, पण हेमिप्रिस्टिस या दुसऱ्या शार्कचे करवतीसारख्या कडांचे दात मिळालेत, आणि ते हातात घेतल्यावर काय वाटतं ते सांगता येत नाही! कड अजूनही बोटाला लागते.

एक कळकळीची विनंती: कड्याखाली जाऊ नका, खणू तर मुळीच नका. कडे ढासळतात, म्हणून तिथे मनाई आहे. दात लाटाच बाहेर काढून देतात.