मदत हवी आहे : रेकॉर्डरचा दैनिक अहवाल पाळीच्या वेळेनुसार कसा लावावा?
गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात शीतगृहाचे तापमान आणि पाण्याचा प्रवाह पेपरलेस चार्ट रेकॉर्डरवर (कागदाऐवजी पडद्यावर आलेख दाखवून आकडे साठवणारे उपकरण) नोंदवला जातो. दैनिक अहवाल मध्यरात्री तयार होतो. पाळी मात्र सकाळी ७ वाजता बदलते, त्यामुळे रात्रपाळीचे आकडे दोन अहवालांत विभागले जातात. अहवालाची वेळ ०७:०० केल्यास मासिक अहवालही १ तारखेला सातलाच सुरू होईल का? तापमानाला सरासरी, कमाल व किमान पुरेसे आहे. प्रवाहाची बेरीज मात्र नाजूक आहे, कारण घनमीटर प्रति तास असलेला प्रवाह दर सेकंदाला मोजला जात असताना बेरजेचे एकक ‘प्रति तास’ऐवजी ‘प्रति सेकंद’ निवडल्यास आकडा ३६०० पट फुगतो. शिवाय पावसाळ्यात वीज गेल्यावर (आणि ती इथे जातेच) त्या खंडित तासाची सरासरी कशी काढली जाते, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.