मदत हवी आहे: अॅम्लोडिपिनने आईच्या पायांना सूज, डॉक्टर टेल्मिसार्टन जोडतायत. दोन्हींत फरक काय?

जांबोटी_रोड:
आई 63 वर्षांची, गाव खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला. साखर 8 वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. बीपी 158/94 होतं म्हणून अॅम्लोडिपिन 5 सुरू झाली, 2 महिन्यांपूर्वी 10 केली. आता घरी 138/84 येतं, पण संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, बोटानं दाबलं तर खळगा पडतो. डॉक्टर म्हणतात, अॅम्लोडिपिन परत 5 वर आणू आणि सोबत टेल्मिसार्टन 40 देऊ. शेजारचे म्हणतात, टेल्मिसार्टननं किडनी जाते. एकाच्या दोन गोळ्या झाल्या म्हणजे आजार वाढला का? नुसती लघवीची गोळी देऊन सूज उतरणार नाही का?

चव्हाट_गल्ली:
आजार वाढला असा अर्थ काढू नका. 10 च्या एका गोळीपेक्षा दोन औषधांचे छोटे डोस बऱ्याचदा बीपी जास्त उतरवतात आणि त्रास कमी देतात. डॉक्टरांनी सांगितलेला बदल योग्य दिशेचा आहे.

सूज कशी येते बघा. अॅम्लोडिपिन धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून बारीक धमन्या सैल होतात आणि बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. येणारं रक्त जास्त, परतीची वाट अरुंद; मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्याभोवती झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणूनच लघवीची गोळी या सुजेवर फारशी चालत नाही. 5 पेक्षा 10 वर हा त्रास बराच जास्त दिसतो. टेल्मिसार्टन परतीची वाटही सैल करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र दिली की सूज कमी होते.

मात्र सगळी सूज गोळीच्या माथी मारू नका. एकाच पायाला सूज आणि दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, सकाळी चेहरा सुजणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

औषधं_निपाणी:
किडनीबद्दल शेजारी सांगतात ते उलटं आहे. साखरेच्या माणसाच्या लघवीत प्रोटीन जात असेल तर टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं किडनी सांभाळण्यासाठीच देतात. लघवीतल्या अल्ब्युमिनची (हेच ते प्रोटीन) तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा आणि 2 ते 4 आठवड्यांत परत तपासा. बेळगावला जायची फेरी त्याच हिशेबानं ठरवा. क्रिएटिनिन थोडं वाढतंच, 30 टक्क्यांपर्यंत चालतं: 0.9 चं 1.1 झालं म्हणून घाबरून गोळी बंद करू नका. पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आता खरा धोका. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. टेल्मिसार्टनसोबत या गोळ्या किडनीवर ताण आणतात, शिवाय बीपीही चढवतात. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. बीपीसाठी म्हणून विकतात त्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते नको. साधंच मीठ, दिवसाला सगळं मिळून चहाचा सपाट चमचाभर. सुकी मासळी, पापड, लोणचं याच हिशेबात धरा.

जुलाब-उलट्या लागल्या आणि पाणी पोटात ठरत नसेल तर टेल्मिसार्टन चालू ठेवायची की थांबवायची हे लगेच फोन करून विचारा.

जांबोटी_रोड:
आई गुडघ्यासाठी आठवड्यातून तीनदा तरी गोळी घेते, ते डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. उद्याच सांगते. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या तर चालतील का? आणि फरक किती दिवसांत कळेल?

औषधं_निपाणी:
बरं झालं विचारलंत, ताई. टेल्मिसार्टनची गोळी ओल पटकन ओढून घेते. कणकुंबीच्या पावसात उघडी ठेवली तर मऊ पडते, चुरा होतो. घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडा. डबीच वापरायची असेल तर पाकीट कात्रीनं कापून गोळी आहे तशी बंद ठेवा.

मेडिकलवाला दोन्ही औषधांची जोडगोळी देईल. नावापुढे एएम असेल तर त्यात अॅम्लोडिपिन आहेच, एच असेल तर लघवीची गोळी. जोडगोळी आणि घरातली जुनी अॅम्लोडिपिन दोन्ही चालू राहणं ही नेहमीची चूक. जुनं पाकीट बाजूला काढा.

चव्हाट_गल्ली:
अॅम्लोडिपिन अंगातून सावकाश जाते, सूज उतरायला 1-2 आठवडे द्या. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम यायला साधारण 4 आठवडे लागतात. चार दिवसांचं बीपी बघून औषध बदलायला लावू नका.

मोजताना चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर छातीच्या उंचीला. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर. असे 7 दिवस वहीत लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरचं 135/85 च्या खाली हवं. म्हणजे आताचं 138 अजून थोडं जास्तच आहे.

बसून उठताना चक्कर आली तर उभ्यानंही मोजा आणि तोही आकडा वहीत लिहा. ओठ किंवा जीभ सुजली तर वाट न बघता दवाखाना गाठा. हे क्वचित होतं, पण टेल्मिसार्टनचं हे माहीत असू द्या. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला ही गोळी चुकूनही देऊ नका.