विषय: घरचा बोकड, तरी मटण वातड

प्रेषक: मोरिन्सविलहून

नमस्कार न्यूझीलंडमधल्या मंडळी,

शनिवारी सकाळी आमच्या ब्लॉकवरचा, म्हणजे घराच्या छोट्या शेतावरचा, बोकड कापला. बोअर आणि किको या जातींचा संकर, लहानपणीच खच्ची केलेला, दात अजून दुधाचे, आमच्याच गवतावर वाढलेला. घरी येऊन कापून देणाऱ्याने भराभर सोलून दिला आणि लगेच थंड करायला सांगितलं. म्हणून तासाभरात तुकडे करून गॅरेजमधल्या फ्रिजात ठेवले. रविवारी मांडीचं सुकं केलं. दीड तास शिजवूनही वातड! सासूबाई म्हणतात जातच वाईट, शेजारी म्हणतात गवत. मे महिन्यात दुसरा कापायचा आहे, त्याआधी कुणी नीट सांगाल का? आणि उरलेल्या मटणाचं काय करू?

*

प्रेषक: केंब्रिजहून

वहिनी,

जातीला आणि गवताला दोष देऊ नका. अदंत, खच्ची बोकडापेक्षा कोवळा माल मिळत नाही. तुमचं मटण फ्रिजात चिवट झालं. मी बरीच वर्षं मीट प्लांटवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जनावर कापल्यावरही स्नायूत काही तास इंधन शिल्लक असतं. ते संपलं की स्नायू ताठरतो, आणि मग थंडीत मुरता मुरता हळूहळू सैल पडतो. पण ताठरण्याआधीच तो १० अंशांच्या खाली गेला, तर जोरात आक्रसतो आणि तसाच आखडून बसतो. एकदा असं झालं की फोडणी कितीही चांगली द्या, उपयोग नाही. हा शोध आपल्या हॅमिल्टनमधलाच आहे. तिथल्या मांस संशोधन संस्थेतल्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये गोमांसावर दाखवून दिलं की १५ अंशांच्या आसपास स्नायू सर्वांत कमी आखडतो आणि शून्याजवळ भयंकर. इथल्या गोठवलेल्या कोकराच्या मटणाबद्दल परदेशातून तक्रारी येत होत्या, त्याचं कारण असं सापडलं. पुढे कारखान्यांनी धडातून वीज सोडून ते इंधन लवकर संपवायची पद्धत आणली.

बकऱ्याला हा धोका जास्त. त्याची चरबी आत, मूत्रपिंडांभोवती. बाहेर पांघरूण जवळजवळ नाही आणि धड लहान, त्यामुळे झटकन गार पडतं. त्यात तुम्ही तुकडे केले. अख्खं धड टांगलेलं असलं की हाडं स्नायूला ताणून धरतात. सुटा तुकडा मोकळेपणी आखडतो. गावी सकाळी कापलेला बोकड दुपारी पातेल्यात असायचा, मध्ये फ्रिज नव्हताच. म्हणून आपल्या आयांना हे कधी सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट, जनावर घाबरवू नका. आदल्या दिवशी पळापळ, मारामारी, कळपातून एकटं काढणं झालं की स्नायूतली साखर संपते. मग मटणात पुरेसं आम्ल तयार होत नाही, ते काळपट, चिकट राहतं आणि लवकर खराब होतं. बकऱ्या मुळातच बिथरणाऱ्या. सोबतीला दुसरी बकरी ठेवा. इथल्या होमकिलच्या, म्हणजे स्वतःसाठी घरी जनावर कापण्याच्या, नियमात कापण्याआधी निदान २८ दिवस तुम्ही स्वतः जनावर सांभाळलेलं असावं लागतं, त्यात जनावर रुळायलाही वेळ मिळतो.

वयाचं म्हणाल तर दोन दाती होईपर्यंत निश्चिंत असा. सहा दाती झाला की स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू घट्ट होतात, त्याला मंद आचेवर जास्त वेळ द्यावाच लागतो.

*

प्रेषक: टाउरांगाहून

वहिनी, उरलेल्या मांडीचा खिमा करा. आखडलेले धागे यंत्रात आडवे कापले जातात, शिजवून जे होणार नाही ते तिथे होतं. मान आणि खांदा रश्श्याला ठेवा, कुकरमध्ये भरपूर वेळ द्या. कच्ची पपई लावणार असाल तर अगदी थोडी. जास्त झाली तर वरून पीठ आणि आत वातड, असा प्रकार होतो.

हा बोकड कोजागिरीला आणायचं म्हणाला होतात ना? घरी कापलेलं मटण विकता येत नाही. मंडळ ताटाचे पैसे घेणार असेल तर तिथे चालणार नाही.

*

प्रेषक: मोरिन्सविलहून

काका, काकू, मनापासून आभार. कोजागिरीला मग मसाले दूध आणि भेळच. काका, आमच्याकडे मोठा चिलर नाही. मे महिन्यात नुसतं शेडमध्ये टांगलं तर चालेल?

*

प्रेषक: केंब्रिजहून

चालेल. सकाळी लवकर कापा, धड अख्खं ठेवा, मटन क्लॉथ (धडावर चढवायचं जाळीदार कापड) घालून सावलीत, वारा लागेल असं टांगा. माशी बसता कामा नये. दहा तास तरी १० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. मे महिन्यात इथे थंडी सुरू होत असते, तरी दिवसा शेड साधारण १५-१६ अंशांपर्यंत जातं, तेवढं पुरे. टाचेच्या शिरेऐवजी कमरेच्या हाडातून टांगलं तर मांडी आणखी मऊ होते. संध्याकाळी खांदे, मांड्या सुट्या करून फ्रिजात, तिथे दोन-तीन दिवस मुरू द्या, आणि मगच फ्रीझर. ताठरण्याआधी गोठवलेलं मटण विरघळताना आणखी आखडतं आणि पाणी सोडतं.

कलेजी आणि वजडीला मात्र यातलं काही लागू नाही. ती त्याच दिवशी संपवा.