रोजच्या गाडीला आरपीएम मीटर हवाच कशाला?

फुकटचा_काटा

व्हेरियंटच्या तक्त्यात खालच्या मॉडेलसमोर ‘टॅकोमीटर: नाही’ (म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतंय ते दाखवणारा आरपीएम मीटर नाही) दिसलं की लोक लगेच सल्ला देतात, “तो घेऊ नका, साधा आरपीएम मीटरसुद्धा नाही.” माझं मत सरळ उलटं आहे. ऑफिस, बाजार, शाळा आणि महिन्यातून एखादा हायवे एवढंच करणाऱ्या गाडीला हा काटा शोभेपुरता असतो.

मॅन्युअल गाडीत क्लच सोडलेला असला की इंजिनाच्या फेऱ्या आणि गाडीचा वेग यांचं नातं पक्कं असतं. १६५/७० आर१४ टायरचा परीघ साधारण १.८४ मीटर. दुसऱ्या गिअरचं फायनल ड्राइव्हसकट एकूण गुणोत्तर ८ धरलं (चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या आठ), तर ताशी ४० ला इंजिन २९०० फेऱ्यांवर असतं. तिसऱ्याचं ५.५ धरलं तर २०००. म्हणजे गिअर माहीत असेल तर स्पीडोमीटर हाच तुमचा आरपीएम मीटर. पूर्वी काही गाड्यांच्या स्पीडोमीटरवर प्रत्येक गिअरच्या कमाल वेगाची खूण असायची. तेवढं पुरे होतं.

राहिला इंजिन जास्त फिरण्याचा धोका. ६०००-६५०० फेऱ्यांच्या आसपास ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच पेट्रोल तोडतो, त्यामुळे रेस देऊन इंजिन फोडता येत नाही.

खरा राग वेगळाच आहे. अर्धा कन्सोल या काट्याला देतात आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र काढून टाकतात. निळा दिवा म्हणजे थंड, लाल दिवा म्हणजे गेलं, आणि मधलं काहीच कळत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवायचा असेल तर मी तापमानाचा ठेवीन.

घाटमाथा

सपाट रस्त्यावर तुमचं गणित बरोबर आहे. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना ते डोक्यात करून दाखवा.

घाट उतरताना बहुतेकांचं काय होतं? दुसऱ्यात टाकल्यावर इंजिन ओरडायला लागतं, मग भीती वाटते, तिसरा पडतो. तिसऱ्यात गाडी सुटते, मग पाय ब्रेकवर, आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर तो तिथेच. पॅड तापतात, ब्रेक मऊ लागायला लागतो. याहून वाईट म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे. गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात. साधारण १२००-१५०० फेऱ्यांच्या खाली आल्यावरच ते पुन्हा चालू होतात. म्हणजे दुसऱ्यात इंजिन ब्रेकिंग करताना (इंजिनाच्या ओढीने वेग रोखताना) पेट्रोल लागत नाही, न्यूट्रलवर मात्र आयडलपुरतं, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवण्यापुरतं लागतं.

आता काटा काय करतो बघा. तुमच्याच हिशेबाने दुसऱ्यात ताशी ५० ला ३६०० फेऱ्या. आवाज मोठा येतो, पण लाल पट्टा अजून अडीच हजार दूर आहे. हे समोर दिसलं की माणूस निवांत दुसऱ्यात उतरतो. ज्याला काटा दिसत नाही तो आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकतो. रेस कमी ठेवायला सांगणं एवढंच त्या काट्याचं काम नाही, “अजून चालेल” हेही तोच सांगतो.

आणि ईसीयूचा तो लिमिटर. तो पेट्रोल तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. ताशी १०० ला चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडून क्लच सुटला तर ८ च्या गुणोत्तराने इंजिन ७२०० वर जाईल. तिथे ईसीयू काहीही करू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायला एवढं पुरू शकतं.

फुकटचा_काटा

क्लच सुटून चाकांनी इंजिन फिरवलं की अर्ध्या सेकंदात जे व्हायचं ते होतं. काटा ते फक्त दाखवतो, टाळत नाही. कुठल्या वेगाच्या वर कुठला गिअर खाली टाकायचा नाही याचा तक्ता मारुतीच्या मालक-पुस्तिकेत छापलेला असतो. तो एकदा वाचला की काम झालं. घाट उतरण्याचा मुद्दा मात्र मान्य, तिथे काटा धीर देतो.

तेलकट_हात

चालवण्याचं सोडा, गाडीचं दुखणं ओळखायला हा काटा हवा. तीन उदाहरणं देतो.

क्लच घसरतोय का हे बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात ताशी ५० धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. चौथ्याचं एकूण गुणोत्तर ४.२ धरलं तर काटा १९०० च्या आसपास हवा आणि वेगाच्या बरोबरीनेच चढायला हवा. ५५ ला २१०० च्या जवळ. वेग ५० चा ५५ होतोय आणि काटा एकदम २८०० ला गेला, तर प्लेट संपत आली. स्पीडोमीटरवर हे दिसत नाही. माणसाला वाटतं पिकअप कमी झालंय, मग प्लग आणि फिल्टर बदलत बसतो. एएमटीवाल्यांना (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच-गिअर यंत्र टाकतं) तर क्लचचं पेडलच नसतं, म्हणून प्लेट कुठवर आली हे पायाला जाणवतही नाही. ही चाचणी त्यांनीही मॅन्युअल मोडमध्ये करावी.

दुसरं आयडल. गरम इंजिन, एसी बंद: बहुतेक पेट्रोल गाड्यांत ७०० ते ९०० च्या मध्ये काटा स्थिर हवा. एसी लावला की थोडा वर जाऊन स्थिर व्हायला हवा. तो ६०० आणि १००० च्या मध्ये झोके घेत असेल तर थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) कार्बन किंवा इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या, रबराला चीर, या दोन जागा आधी बघा. सीएनजी लावलेल्या जुन्या गाडीत पेट्रोलवर आयडल चांगला आणि गॅसवर डोलतो असं दिसलं तर रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसचा फिल्टर बघा. पेट्रोलचे इंजेक्टर उगाच खोलू नका.

तिसरं, गाडी चालूच होत नाही. स्टार्टर फिरतोय पण काटा शून्यावर चिकटलेला, तर बऱ्याच गाड्यांत संशय आधी क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा) किंवा त्याच्या वायरवर जातो. काटा २००-३०० ला हलतोय तर सेन्सर जिवंत आहे, पेट्रोल पंपाकडे बघा. रस्त्यात अडकलेल्या माणसाला फोनवर एवढं विचारलं तरी निम्मं निदान होतं.

कानसेन

इतकी वर्षं अँबॅसॅडर, पद्मिनी, मारुती ८०० या काट्याशिवाय देशभर चालल्या. कान आणि बुडाखालचा थरथराट यावर लोक गिअर टाकायचे. गुंगायला लागली की खालचा, किंचाळायला लागली की वरचा. काटा बघत गिअर टाकणारा नवशिका रस्त्याकडे कमी बघतो. ड्रायव्हिंग शिकवताना पहिले पंधरा दिवस मी तर तो काटा झाकायला सांगेन.

घाटमाथा

पद्मिनीत इंजिन ऐकू यायचं, तेवढंच ऐकू यायचं! आता काचा बंद, एसी तीनवर, गाणी चालू आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) जाड फोम. शिवाय तीन सिलिंडरची इंजिनं १२०० लाही थरथरतात आणि आयडललाही, त्यामुळे ‘गुंगतेय’ हे थरथरीवरून वेगळं काढणं अवघड झालंय.

आणि एक गोष्ट या वादात कोणी बोलत नाही. ज्यांना ऐकू येत नाही अशांनाही आपल्याकडे लायसन्स मिळतं. ते गिअर कशावर टाकणार? त्यांच्यासाठी तो काटा म्हणजेच इंजिनाचा आवाज. खालच्या व्हेरियंटमधून तो काढला की त्यांना नाइलाजाने वरचा घ्यावा लागतो.

कानसेन

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पटला.

पाचवा_गिअर

गिअर कधी बदलायचा एवढंच सांगायचं असेल तर स्क्रीनवरचा बाण पुरतो. युरोपात मॅन्युअल कार्सना गिअरशिफ्ट इंडिकेटर सक्तीचा आहे, नव्या मॉडेलना २०१२ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना २०१४ पासून. आरपीएम मीटर सक्तीचा नाही. त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल ना.

टर्बोची_शिट्टी

त्यांनी विचार केला तो इंधनाचा. तो बाण मायलेजसाठी बसवलेला असतो आणि साधा बाण चढ ओळखत नाही. खंबाटकी घाट चढताना चार माणसं, एसी, डिकीत सामान आणि बाण म्हणतो वरचा टाका. टाकला की गाडीचा दम जातो.

लहान टर्बो इंजिनांत (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा कोंबणाऱ्या) हे नुसतं गैरसोयीचं नाही, महागातही पडतं. ह्युंदाई व्हेन्यूचं १.० लिटर टर्बो घ्या: टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, १७२ न्यूटन-मीटर, १५०० ते ४००० फेऱ्यांच्या मध्ये. म्हणून लोकांना वाटतं १५०० पासून सगळं मिळतं, तर पाचव्यात १४०० वरून पाय दाबू. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्या आणि जास्त भार एकत्र आले की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण निमित्त होतो. एकदाच झालं तर एक जोरदार ठोका ऐकू येतो, वारंवार झालं तर पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. याच त्रासासाठी इंजिन तेलाच्या मानकात एपीआय एसएन प्लस आणि त्यानंतर एसपी हे दर्जे आले. एसपी तेल टाका, पण १८०० च्या खाली असताना पाय दाबायच्या आधी गिअर खाली टाका. हे १८०० दिसणार कुठे?

जुन्या स्विफ्ट-डिझायरमधलं १.३ डिझेलही तसंच. १९० न्यूटन-मीटर २००० वर, आणि १८०० च्या खाली टर्बो झोपलेला. ट्रकच्या मागून ओव्हरटेकला निघताना काटा १५०० वर आहे की २२०० वर, यावर आपण किती वेळ उलट्या बाजूला राहणार ते ठरतं.

फुकटचा_काटा

टर्बोसाठी मान्य. पण ज्या गाड्यांतून काटा काढतात त्या बहुतेक साध्या श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, १.० लिटरच्या. अल्टो के१० चा टॉर्क ८९ न्यूटन-मीटर, ३५०० फेऱ्यांवर. तिथे टर्बो झोपायचा प्रश्नच नाही आणि दाबल्यावर पिकअपचा धक्काही बसत नाही.

तापमानाच्या काट्यावर कोणीच उत्तर दिलं नाही.

तेलकट_हात

देतो. तापमानाचा काटाही तुम्हाला वाटतो तितका खरा नसतो. आताच्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध बसवलेला असतो. पाणी ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा जागचा हलत नाही, कारण तो हलला की लोक गाडी घेऊन वर्कशॉपला येतात. त्याच्या वर गेला की झपाट्याने चढतो. म्हणजे तो फॅन्सी निळा-लाल दिवाच झाला.

आणखी वाईट म्हणजे होज (रबरी नळी) फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सगळं गेलं की सेन्सर हवेत लटकतो. पाण्याऐवजी वाफ आणि हवा लागल्यामुळे आकडा कमीही दाखवू शकतो. इंजिनाचं हेड वाकतंय आणि काटा निवांत. त्यामुळे काट्यापेक्षा आठवड्याला बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीतली पातळी बघणं जास्त कामाचं. इंजिन थंड असताना, हे सांगायला नको.

मीटरवाला

सगळे चालवण्यावर बोलताय, वायरिंगवर कोणी नाही. पूर्वी या काट्याला खरोखर खर्च होता. इग्निशन कॉइलवरून वेगळी वायर आणायची, चार सिलिंडरला एका फेरीत दोन ठिणग्या या हिशेबाने मीटर बसवायचा. आता क्रँक सेन्सर ईसीयूला हवाच असतो, त्याशिवाय इंजिनच चालत नाही. ईसीयू तोच आकडा कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवर) टाकतो आणि कन्सोल तिथून उचलतो. एलसीडी कन्सोलमध्ये तर एक पट्टी काढायची, बस्स. २०१५ च्या रेनॉच्या पहिल्या क्विडला डिजिटल कन्सोल होता, आरपीएम नव्हता. नंतर आला.

म्हणजे ‘गरज नाही म्हणून काढला’ हे खरं नाही. आकडा गाडीत आधीच फिरतोय, तो वरच्या व्हेरियंटसाठी राखून ठेवलाय. गरज आहे की नाही हे गिऱ्हाइकाला ठरवू द्या. आवडत नसेल तर स्क्रीनवरून बंद करता यावा.

ज्यांच्या गाडीत नाही त्यांच्यासाठी: स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचा ओबीडी सॉकेट (मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतात तो) असतो. त्यात ईएलएम३२७ चा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावा, चावी ‘ऑन’ला, फोनशी जोडा, आरपीएम निवडा. अ‍ॅप दोन बाइट मागवतो, पहिल्याला २५६ ने गुणून दुसरा मिळवतो आणि बेरजेला चारने भागतो. तोच आकडा. फोन डॅशवर खाली लावा, काचेच्या मधोमध नको. त्याच अ‍ॅपमध्ये कूलंटचं तापमानही अंशात दिसतं, मधोमध दाबून बसवलेलं नाही. फुकटचा_काटा यांना हवं होतं ते हेच.

एक सावधगिरी: १६ नंबरच्या पिनला बॅटरीची वीज कायम असते, चावी काढली तरी. स्वस्त अ‍ॅडॉप्टर झोपत नाहीत. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरलेली मिळेल.

फुकटचा_काटा

कूलंटचा आकडा मिळतो म्हटल्यावर अ‍ॅडॉप्टर घेण्यासारखा आहे. आरपीएमची पट्टी त्यात बंद ठेवता येते ना?

पाचवा_गिअर

ऑटोमॅटिकवाल्यांचं राहिलंच. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) वेग आणि फेऱ्यांचं नातं सुटलेलं असतं, तिथे काटा बघून चालवणाऱ्याने करायचं काहीच नाही. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तर टोयोटा पद्धतीचा पॉवर मीटर असतो, चार्ज, इको, पॉवर असे भाग केलेला. इंजिन कधी बंद, कधी चालू, त्याच्या फेऱ्या दाखवून कुणाचं काय भलं होणार?

घाटमाथा

हायब्रिडसाठी पॉवर मीटरच बरा, तिथे वाद नाही. सीव्हीटीला मात्र बऱ्याचदा उतारासाठी एल किंवा बी मोड (खालचा गिअर धरल्यासारखा) असतो. तो टाकल्यावर इंजिन ३०००-३५०० ला धरलंय की नाही, हे कळायला काटाच लागतो. धरलं नसेल तर गाडी ब्रेकवरच उतरतेय.