मॅग्नेशियम कमी असलं की दुखणं जास्त जाणवतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. आईला (वय ६३) हल्ली नुसता हात लागला तरी कळवळायला होतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. डी, बी १२, थायरॉइड सगळं ठीक. शेवटी मॅग्नेशियम तपासलं, ते १.५ आलं, म्हणजे थोडं कमी.

डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंच्या पेशींवरचं एनएमडीए नावाचं दार मॅग्नेशियम अडवून धरतं. ते घटलं की वेदनेचे संदेश सहज पुढे जातात. शिवाय शरीरातलं जेमतेम १ टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही कमतरता असू शकते. आई ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल घेतेय (ही गोळी नसलेलं घर दाखवा!), त्यानेही ते घटू शकतं. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर बघताहेत.

मॅग्नेशियम सुरू केल्यावर कुणाचं दुखणं खरंच कमी झालं का? साधारण किती दिवसांनी? मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळ्यांनी आईला जुलाब झाले, ग्लायसिनेट (मॅग्नेशियमचाच दुसरा प्रकार) कुणाला मानवलंय का? किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत. मंडईतून राजगिरा, तीळ आणलेत, भोपळ्याच्या बियाही चालू आहेत.

"सगळं मनाचे खेळ" एवढं मात्र सांगू नका, ते शेजारच्या काकूंनी सांगून झालंय.