कोडला दोष देण्याआधी बॅटरी बघा
रोबो धावता धावता थांबून पुन्हा सुरू होतो म्हणजे कोडमध्येच घोळ आहे, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. याच समजुतीपायी आमच्या टीमने स्पर्धेआधीच्या तीन रात्री कोड उपसण्यात घालवल्या. दोष निघाला वीजपुरवठ्यात. चारही मोटर एकदम उलट्या फिरवल्या की इतका करंट खेचला जायचा की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर कोसळायचं आणि कंट्रोलर (रोबो चालवणारा छोटा संगणक) रीसेट व्हायचा. टेबलावर चाकं अधांतरी ठेवून चाचणी केली तर हे कळतच नाही, कारण मोटरवर भारच नसतो. शेवटी कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी दिली, दोन्हींचं ग्राउंड (ऋण टोकाची वायर) मात्र एकत्र जोडलं (हे विसरलात तर सिग्नल भरकटतात), आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जाड वायर आणली. रोबो पुन्हा थांबला नाही. स्पर्धा हरलो, पण ते ग्रिपरमुळे (वस्तू पकडणाऱ्या पंजामुळे).

बाकी रोबो स्पर्धांचे विषय विचित्र असतात या तक्रारीबद्दल: २००८ची एबीयू रोबोकॉन (आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेज टीमची रोबो स्पर्धा) आपल्या पुण्यातल्या बालेवाडीत झाली, तेव्हा विषयच दहीहंडीचा होता आणि परदेशी टीमना चक्क ती समजून घ्यावी लागली होती.